गेले म्हणजे पलीकडच्या गल्लीत

दारातून आधी पुष्पचक्र आत आलं आणि मग माणूस.

गाडीच्या चाकाएवढं, पांढऱ्या शेवंतीचं, मधोमध जांभळी रिबीन. साप्ताहिकाच्या कचेरीत त्या सकाळी भिंगरी एकटीच होती. तिचं खरं नाव चांगलं लांब आणि भारदस्त होतं, पण लहानपणी ती एका जागी घटकाभर टिकायची नाही म्हणून घरात ‘भिंगरी’ हे नाव पडलं. ते शाळेत तिच्यामागे गेलं, कॉलेजात गेलं, आणि आता इथेही कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघायची, कोण बाई आलीय म्हणून.

“हे कुठे ठेवू?” पुष्पचक्रामागून आवाज आला.

“अरे बापरे... कोण गेलं?”

“तेच विचारायला आलोय.”

चक्र खाली टेकलं आणि मागचा तरुण दिसला. बाह्या दुमडलेल्या, केसात एक पांढरी पाकळी अडकलेली, आणि चेहऱ्यावर राग... निदान राग आणायचा प्रयत्न. त्याने खिशातून साप्ताहिकाचा ताजा अंक काढून टेबलावर पसरला.

“‘दिवंगत रेफरी शिट्टीमास्तर’. हे कुणी लिहिलं?”

“मी,” भिंगरी उठून उभी राहिली. “का? शुद्धलेखन चुकलं?”

“शुद्धलेखन उत्तम आहे. माणूस चुकलाय.” त्याने बोट शब्दावर ठेवलं. “ते माझे आजोबा. आत्ता घरी बसून अंडं सोलतायत.”

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं.

“काल दुपारपासून आमच्या दुकानातला फोन थांबत नाहीये,” तो म्हणाला. “मी फुलवाला आहे. फुटबॉल संघटनेतून ऑर्डर आली, मोठं पुष्पचक्र हवंय. मी म्हटलं, करतो. मन लावून केलं. रिबिनीवर लिहायला नाव विचारलं, तर नाव आमच्याच आजोबांचं!”

“पण मी खात्री केली होती हो!” ती कळवळून म्हणाली. मैदानाची जुनी गॅलरी पाडणार, म्हणून तिने त्या मैदानावरच्या जुन्या माणसांवर लेख लिहिला होता. “तिथल्या माळ्याला विचारलं, शिट्टीमास्तर कुठे असतात? तो म्हणाला, ‘मास्तर? ते गेले ना!’ मी म्हटलं, ‘अरेरे.’ तर तो म्हणाला, ‘हो ना, चुकल्यासारखं वाटतं.’”

“गेलेच ते. पलीकडच्या गल्लीत. माझ्याकडे राहायला.”

मग त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्याने तो दाबला, तर दुसरा हलला. आणि तो हसला... असा हसला, की केसातली पाकळी टेबलावर पडली.

भिंगरीला मात्र हसू येईना. आतल्या खोलीच्या दारात संपादकबाई येऊन उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“माझ्या साप्ताहिकाने आजवर नगराध्यक्ष पाडलेत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “माणूस मारला नव्हता. आणि शिफारसपत्राचं म्हणशील भिंगरे, तर आधी माणूस जिवंत कर. मग ये माझ्याकडे.”

ते शिफारसपत्र म्हणजे भिंगरीचा जीव होता. विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला जागा मूठभर आणि अर्ज पोतंभर. गेल्या वर्षी ती पहिल्याच चाळणीत गळली होती. यंदा अर्जासोबत एक छापून आलेला लेख, संपादकाची शिफारस, आणि नशीब असेल तर मुलाखत. नाहीच झालं, तर आईची गाडी होती. तिची आई मोटार चालवायला शिकवायची. “दोन-दोन ब्रेक असलेली गाडी आहे माझी,” ती म्हणायची, “तुझी नोकरी पक्की समज.” आई हे प्रेमाने म्हणायची, तरी ते ऐकलं की भिंगरी अर्जाचा कागद पुन्हा काढून बसायची.

“मला आजोबांची माफी मागायचीय,” ती फुलवाल्याला म्हणाली. “आत्ता. येऊ?”

“या की. पण हे चक्र तुम्ही उचला. मी इथवर आणताना सगळ्या रस्त्याने लोक टोप्या काढत होते.”

*

फुलांचं दुकान खाली आणि घर वर, मध्ये अरुंद लाकडी जिना. दुकानात शिरलं की आधी गारवा लागायचा, मग ओल्या देठांचा हिरवा वास आणि मग कुठे फुलं दिसायची.

शिट्टीमास्तर खिडकीशी ताठ बसले होते. गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. भिंगरीने “आजोबा, माझं चुकलं—” म्हणेपर्यंत त्यांनी शर्टाच्या खिशातून पिवळं कार्ड काढून तिच्या नाकासमोर धरलं.

“ताकीद! दुसऱ्यांदा मारलंस तर लाल.”

“दुसऱ्यांदा नाही मारणार.”

“बस. लेखात माझ्याबद्दल किती ओळी आहेत?”

“चार...”

“चार! अख्खा जन्म मैदानावर धावलो आणि चार ओळी? नुसती ‘चूकभूल’ छापून सुटायचं नाही पोरी. मेल्यावर लिहिलंस ना, आता जिवंतपणी लिही. पूर्ण पान!”

जिन्यात उभा असलेला फुलवाला म्हणाला, “आजोबा, त्यांना कामं असतील...”

“मला काहीही काम नाही,” भिंगरी इतक्या घाईने बोलली, की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

मग ती रोज जाऊ लागली. मास्तर बोलायचे आणि ती ऐकायची. चिखलातले सामने, कर्णधारांच्या शिव्या, एका गोलरक्षकाने भर सामन्यात त्यांच्याकडे मागितलेला विड्या ओढायचा ब्रेक... मास्तरांना दुपारी डुलकी लागायची. ती लागली की घरी जायचं, हे साधं होतं. पण वाटेत दुकान होतं.

“नुसतं बघत उभं राहायचं नाही इथे,” फुलवाला म्हणायचा. “ही घ्या कात्री. देठ तिरके कापायचे.”

“तिरके का?”

“पाणी जास्त ओढतात. बातमीदार आहात ना, लिहून घ्या.”

“याची बातमी होत नाही.”

“मग कशाची होते?”

“कुत्रा माणसाला चावला तर होत नाही, माणूस कुत्र्याला—”

“आणि माणसाला फुलवाला चावला तर?”

भिंगरीने नको तिथे कात्री चालवली. लाल गुलाबाचं डोकं टपकन टेबलावर पडलं.

“हे तुमच्या पगारातून,” तो गंभीरपणे म्हणाला आणि ते गुलाबाचं डोकं उचलून त्याने तिच्या पेनाच्या टोपणात खोचलं. त्याची बोटं थंड होती... दिवसभर पाण्यात असल्यासारखी. तिची मात्र कानाची पाळी तापली.

घरी आई म्हणाली, “हल्ली तुझ्या अंगाला फुलांचा वास येतो.”

“लेखाचं काम चाललंय ना.”

“हं. पूर्वी लेखाच्या कामाने शाईचा यायचा.” आईने आरशात मागची गाडी बघावी तसं तिरक्या नजरेने तिच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. आई कधीच ओव्हरटेक करायची नाही.

*

गडबड हळूहळू लक्षात आली.

मास्तरांनी तिला गोलरक्षकाच्या विडीची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. म्हातारी माणसं सांगतातच. मग तिसऱ्यांदा सांगितली, त्याच दुपारी. एकाच अंतिम सामन्याचा निकाल कधी दोन-एक, कधी तीन-एक. आणि एकदा बोलता बोलता त्यांनी शिट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि ही वस्तू कशाची हे न कळल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतला दिवा कुणीतरी मालवला होता. मग तो परत लागला. “हां, तर काय सांगत होतो...”

ती खाली आली तेव्हा तिचा चेहराच सगळं बोलत असावा. फुलवाल्याने फुलांच्या थंड कपाटातून ट्यूलिपची जुडी काढता काढता तिच्याकडे पाहिलं आणि जुडी परत आत ठेवली.

“दिसलं तुम्हाला,” तो म्हणाला.

“हो.”

“म्हणून तर त्यांना इकडे आणलं. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. आजोबांना ठाऊक नाही. मी सांगितलंय, साधी तपासणी होती.” त्याने ओले हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. “ते मोठे रेफरी होते हो. पंचवीस माणसं अंगावर धावून आली तरी मागे हटायचे नाहीत. त्यांना हे कसं सांगू... तुम्ही लिहू नका. प्लीज.”

भिंगरीला पक्कं ठाऊक होतं की लेख तिथेच आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका क्षणात ओळखणारा माणूस, आणि आता त्याच्याच हातातून निसटत चाललेला निकाल. हे लिहिलं तर विद्यापीठातली माणसं सावरून बसून वाचतील. आणि हे नाही लिहिलं तर उरतात विडीचे किस्से.

“तुमच्या परवानगीशिवाय एक अक्षर छापणार नाही,” ती म्हणाली.

“लिहिणार नाही, असं नाही म्हणालात.”

“खोटं नाही बोलवत. लिहावंसं वाटतंय.”

त्याने मान हलवली. त्या उत्तराने तो दुखावला, आणि त्याच उत्तरामुळे त्याला ती आणखी आवडली. पण हे त्याने फार नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना मैदानावर जायचं होतं. पाडायच्या आधी गॅलरी बघायला. बारीक भुरभुर पाऊस होता. ते आणि भिंगरी एका छत्रीत पायऱ्यांवर बसले. समोर ओलं, रिकामं मैदान. कडेने चुन्याची रेघ पुसट झालेली.

“विचार,” मास्तर अचानक म्हणाले.

“काय?”

“जे विचारायला घाबरतेयस ते. मी आयुष्यभर माणसांचे चेहरे बघितलेत पोरी. फाउल करणाऱ्याच्या आधी मला कळायचं की आता तो करणार.”

“आजोबा... तुम्हाला विसरायला होतं का?”

“होतं,” ते म्हणाले, इतक्या सहज की जणू तिने वेळ विचारली होती. “त्या डॉक्टरकडे जायच्या आधीपासून माहितीये. मग पोराने मला जवळ आणलं आणि म्हणाला, साधी तपासणी होती. मी म्हटलं, बरं बाबा. त्याला वाटतं मला काही कळत नाही. तेवढ्या समजुतीवर बिचारा हसतोय, कामं करतोय. त्याला सांगू नकोस मला ठाऊक आहे म्हणून. कोलमडेल.”

छत्रीवर पावसाची बारीक टिपटिप चालली होती. भिंगरीला हसावं की रडावं कळेना. एकाच घरात, एकाच जिन्याच्या खाली-वर दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती, आणि दोघांनीही ती आणून तिच्याच ओटीत टाकली होती.

“आणि लेखात?” तिने विचारलं.

“लिही की. मैदानात रेफरी पडला तर खेळ थांबवून सगळ्यांना सांगावं लागतं. लपवून चालत नाही. पण पोरगा नाही म्हणेल.”

“मग तुम्हीच बोला त्याच्याशी.”

मास्तर मैदानाकडे बघत बसले. पंचवीस माणसांसमोर न हटलेला माणूस म्हणाला, “नको गं... भीती वाटते.”

*

अर्जाची मुदत जवळ येत होती. त्याआधीचा शेवटचा अंक निघायला थोडेच दिवस होते. भिंगरी दुकानात गेली. कात्री न उचलता म्हणाली, “तुम्ही आजोबांशी एकदा बोला. जे मला सांगितलंत ते त्यांना सांगा.”

फुलवाल्याचे हात थांबले. “का?”

“का ते मी सांगू शकत नाही. पण बोला.”

“तुम्हाला लेख हवाय म्हणून?”

“लेख हवाच आहे. पण तेवढ्यासाठी नाही म्हणत मी.”

“मग कशासाठी? तुम्ही जाल निघून विद्यापीठात. इथे त्यांचा पडलेला चेहरा बघायला मी असेन.” त्याचा आवाज चढला. “एकदा त्यांना मारून झालं, आता—”

तो तिथेच थांबला. पण शब्द सुटून गेला होता. शिट्टी वाजल्यानंतरचा गोल मोजत नाहीत, बोललेला शब्द मात्र मोजला जातो. भिंगरीने पिशवी खांद्याला लावली आणि ती निघाली. “अहो, ऐका—” मागून आवाज आला. तिने ऐकला, पण ती वळली नाही.

आजोबा आणि नातू, दोघांनीही तिचे हातपाय बांधून ठेवले होते. मग तिने उरलेलं लिहिलं. चिखल, सामने, विडी, शिट्टी. संपादकबाईंनी वाचलं, चष्मा काढला.

“माणूस जिवंत झाला,” त्या म्हणाल्या. “छान आहे. पण घराची एक खोली तू कुलूप लावून ठेवलीयस, असं वाटतं.”

“किल्ली माझी नाहीये बाई.”

संपादकबाईंनी शिफारसपत्राचा कागद पुढे ओढला.

*

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आईने तिला आपल्या गाडीतून नेलं. टपावर ‘शिकाऊ चालक’ लिहिलेली पाटी तशीच होती. विद्यापीठाचं शहर दूर होतं, मोठ्या रस्त्याने सकाळभराचं अंतर. भिंगरी इतकी घाबरली होती की वळणावळणावर तिचे पाय आपोआप तिच्या बाजूचा ब्रेक दाबत होते.

“पाय काढ!” आई ओरडली. “गाडी मी चालवतेय. तू फक्त बस.”

मुलाखतीच्या खोलीत तीन माणसं होती. मधल्या, आखूड केसांच्या प्राध्यापिकेसमोर तिचा लेख होता.

“भाषा हलकी आहे, हसवते,” त्या म्हणाल्या. “पण शेवटाकडे लेख कुठेतरी घाबरतो. कुठे?”

“घाबरत नाही. थांबतो.”

“कशासाठी?”

“त्या घरातली एक गोष्ट मला माहीत आहे. घरातल्या दोघांनाही माहीत आहे. पण ते अजून एकमेकांशी बोललेले नाहीत.”

कोपऱ्यातले टक्कल असलेले गृहस्थ पुढे झुकले. “मग पत्रकारितेत कशाला येता? मौन पाळायला शिकवणारं कुठे काही असेल तर तिथे जा.”

बाकीचे हसले. तिच्यातली भिंगरी मात्र गरकन फिरली.

“एकदा मी घाईने छापलं सर, आणि जिवंत माणसाला पुष्पचक्र आलं. आता मला एवढंच वाटतं, ज्याच्या घरची बातमी आहे त्याला ती पेपरातून कळू नये. आधी त्याला कळू दे. मग मी सगळ्यांना सांगेन. एक अक्षर न गाळता.”

टक्कल असलेल्या गृहस्थांनी पेनाने काहीतरी खूण केली, चांगली की वाईट देव जाणे.

निकाल लागला तेव्हा तिचं नाव होतं... आणि नव्हतंही. प्रतीक्षायादी. कुणी जागा सोडली तरच. “म्हणजे सिग्नल पिवळा,” आई म्हणाली. “इंजिन बंद करायचं नाही.” आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तिने भांडी जरा जास्तच जोरात घासली.

*

त्याच आठवड्यात फुलवाला कचेरीच्या दारात उभा राहिला. या वेळी हात रिकामे होते.

“फुलं आणणार होतो,” तो म्हणाला. “मग म्हटलं, फुलवाल्याने फुलं आणणं म्हणजे... शाळेच्या मास्तराने गृहपाठ आणावा तसं आहे.”

भिंगरीने मान वर केली नाही. “काही छापायचंय? जाहिरातीचं टेबल तिकडे आहे.”

“आजोबांनी बोलावलंय. उरलेला अर्धा लेख न्यायला.”

आता तिने वर पाहिलं. त्याचे डोळे सुजल्यासारखे, पण चेहरा... खूप दिवसांनी ओझं उतरवलेल्या माणसासारखा.

“परवा भर दुपारी ते खाली आले,” तो म्हणाला. “दुकानात गिऱ्हाइकं. मधोमध उभं राहून शिट्टी फुंकली. सगळे जागच्या जागी! मला म्हणाले, ‘मध्यांतर. बस खाली.’ आणि सांगितलं. म्हणे, तुझ्याआधीपासून मला माहीत आहे.” त्याने श्वास घेतला. “आम्ही दोघं फुलांच्या बादल्यांच्या मधोमध बसून रडलो. मग हसलो. एक बाई लग्नाचा गुच्छ न्यायला आली होती, ती पण रडली. आजोबा म्हणाले, ‘त्या पोरीला दोन्ही बाजू माहीत होत्या, आणि ती दोन्हीकडे गप्प राहिली.’ आणि मी तुला काय काय बोललो...”

तो थबकला. “तुला म्हणालो. सॉरी. तुम्हाला.”

“राहू दे तेच,” भिंगरी हळूच म्हणाली.

“मी फार वाईट बोललो.”

“बोललास.”

तिच्या तोंडून पहिल्यांदाच आलेला तो एकेरी शब्द कचेरीभर पसरला. आतल्या खोलीत संपादकबाईंचं टंकन एकदम थांबलं, मग मुद्दाम मोठ्याने सुरू झालं.

लेखाचा उत्तरार्ध छापून आला. त्यात सगळं होतं, एक अक्षर न गाळता. मास्तरांच्याच तोंडचं: “मी रस्ता चुकलो तर हसू नका, हात करून दिशा दाखवा.” आणि गावाने ते ऐकलं. मास्तर मैदानाकडून परत येताना कोपऱ्यावर घुटमळले, की बेकरीवाला दारातून हात दाखवायचा, जसा मैदानाच्या कडेचा लाइनमन झेंडा दाखवतो. पुढे औषधाच्या दुकानातली मुलगी. पुढे शाळेचा शिपाई. कुणी काही बोलायचं नाही. मास्तर मान डोलवून बरोबर घरी पोचायचे, आणि जिन्यात येऊन म्हणायचे, “सगळ्या शहराला नियम समजायला लागले बरं का!”

यामुळे विद्यापीठात काही हललं नाही. तिथे नियम म्हणजे नियम, नवे कागद घेत नव्हते. प्रतीक्षायादी तशीच.

त्या दिवसांत भिंगरी पुन्हा दुकानात देठ कापू लागली. तिरके. एका संध्याकाळी गिऱ्हाइकं ओसरली होती. काचेबाहेर ऊन लांबलं होतं. फुलवाला टोपलीला गवताची पाती बांधत होता, आणि तीच गाठ तिसऱ्यांदा सोडत होता.

“एक सांगायचंय,” तो म्हणाला. “सांगितल्यावर तू कदाचित बोलणार नाहीस माझ्याशी.”

“मग नको सांगूस.”

“नाही, सांगतोच. आमच्या घरात आता लपवायची बंदी आहे.” त्याने गाठ सोडून दिली. “रोज सकाळी मी मनात म्हणतो, तिला जागा मिळू दे. अगदी मनापासून म्हणतो. आणि त्याच्या मागोमाग एक चोर येतो, तो म्हणतो... नको मिळू दे. इथेच राहू दे. इथेच, या टेबलाशी, चुकीची डोकी छाटत...”

भिंगरीचा हात कात्रीवरच राहिला.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “त्या दिवसापासून. ‘शुद्धलेखन चुकलं का’ विचारलंस ना, तेव्हाच. आता हे माहीत असूनही तू जा. जागा मिळाली तर जा. चोराचं ऐकू नकोस.”

“चोर एकच आहे का?” तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

“म्हणजे?”

“माझ्याकडे पण आहे एक. रोज सकाळी... तोही तेच म्हणतो.”

तो टेबलाला वळसा घालून आला, मध्ये बादली होती ती पायाने सरकवली, पाणी हिंदकळून दोघांच्या चपला भिजल्या, आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. त्याचे थंड हात तिच्या हातांत बराच वेळ होते, ऊबदार होईपर्यंत.

वरून मास्तरांचा आवाज आला, “खाली काय चाललंय रे? पेनल्टी का?”

“गोल झाला आजोबा!” भिंगरी ओरडली आणि लाजून तिने तोंड एप्रनमध्ये लपवलं. त्याच्या एप्रनमध्ये.

फोन त्यानंतर काही दिवसांनी आला. भिंगरी तेव्हा आईच्या गाडीत होती, एका शिकाऊ काकूंना चौकातून वळायला शिकवणाऱ्या आईच्या मागे. एका मुलाने परदेशी जायचं म्हणून जागा सोडली होती. दोन दिवसांत हजर होता येईल का? भिंगरी “हो” म्हणाली, “हो हो” म्हणाली, आणि मग इतकी किंचाळली की काकूंनी चौकाच्या मधोमध इंजिन बंद पाडलं. मागे भोंगे वाजू लागले. आई खाली उतरली, मागचं दार उघडलं आणि सगळ्या वाहतुकीसमोर लेकीला कवेत घेतलं. “वाजवा, वाजवा,” ती भोंगेवाल्यांना म्हणाली, “माझ्या मुलीसाठीच वाजवताय.”

निघायच्या सकाळी भिंगरी दुकानात गेली तेव्हा फुलवाला एका जुनाट, निळ्या व्हॅनच्या चाकात हवा भरत होता. ही व्हॅन तिने पूर्वी कधी पाहिली नव्हती.

“हे काय?”

“फुलं आणायला. विद्यापीठाच्या शहरात मोठा बाजार आहे फुलांचा. दर बुधवारी.”

“पण तुझी फुलं तर दारात येतात. पुरवठादाराची गाडी येते ना?”

“यायची. आता मी म्हटलं, आपण स्वतः जावं. स्वतः निवडावं.” त्याने हवेचा पंप खाली ठेवला, कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “तिकडे ताजी मिळतात म्हणे.”

“दारात येतात त्याहून ताजी?”

“खूपच.”

“एवढ्या लांब जायचं आणि लगेच परत यायचं?”

“लगेच कशाला? बाजार सकाळीच आटपतो.” आता त्याने पाहिलं. “मग दुपारभर मला काही काम नसतं.”

भिंगरीने पिशवी व्हॅनमध्ये टाकली, पुढच्या सीटवर चढून बसली आणि दार ओढून घेतलं.

“बुधवारी दुपारी,” ती म्हणाली, “माझाही तास नाहीये. बाजाराचा वार मी आधीच विचारून ठेवलाय.”